साडेशहाण्णव टक्के

राजाभाऊंच्या कंपनीत लाल रंग कोणाला खपत नसे. रिसेप्शनमध्ये भिंतभर टीव्ही टांगलेला होता आणि त्यावर दिवसभर चाचण्यांचे निकाल झळकत. हिरवा चौकोन म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. बँकेचा माणूस येवो, कुरिअरवाला येवो, नाहीतर आंब्याच्या पेट्यांना खिळे पुरवणारा येवो, राजाभाऊ त्याला आधी त्या टीव्हीसमोर उभा करत आणि म्हणत, "बघा, कसं हिरवंगार आहे ते!" माणूस मूळचा बागायतदार. हिरवं दिसलं की पीक बरं आहे, एवढं ज्ञान त्यांना चाळीस वर्षं पुरलं होतं. ते सॉफ्टवेअरला का पुरू नये, हे त्यांना अजून कोणी समजावलं नव्हतं.

समजावायचं काम ज्याचं, तो त्यांचा मुलगा शौनक. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून तो रत्नागिरीत परतला तो थेट सीटीओ, म्हणजे तांत्रिक बाजूचा मुख्य, होऊनच. कुवारबावच्या पुढे राजाभाऊंची आंब्याची पॅकिंग शेड होती, तिच्यावर एक मजला चढवला. खाली पेंढा, वर एसी, आणि कंपनी सुरू. पहिल्याच दिवशी शौनकनं सगळ्यांना सांगितलं, मला सर म्हणू नका, आपण एक टीम आहोत. दुसऱ्या दिवशी एकानं नुसतं 'शौनक' म्हटलं तेव्हा त्याचं तोंड असं झालं की तिसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा सर म्हणू लागले.

कंपनी एकच वस्तू बनवायची. डोंगराच्या अंगावर खांब रोवायचा, खांबावर पेटी बसवायची. पेटी पाऊस मोजते, मातीतला ओलावा मोजते, आणि दरड सुटायचं लक्षण दिसलं की भोंगा वाजवते. कागदोपत्री तिचं नाव 'सतर्क-१', पण सगळे तिला भोंगाच म्हणत. सरकारातल्या कुठल्याशा खात्यानं असे चाळीस भोंगे मागवले होते, डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या चाळीस वाड्यांसाठी. पावसाळ्याच्या आत ते उभे राहायला हवे होते.

या भोंग्यांची परीक्षा घ्यायचं काम संस्कृती धाडवेचं. ती मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीतली. बाप रावजी नाचणी-भाताची शेती करायचा आणि चार महिने मुंबईला जाऊन रंगकाम करायचा. पोरगी मात्र इंजिनियर झाली, आणि मुंबई सोडून उलट रत्नागिरीतच नोकरीला लागली. वाडीत याचं फार कौतुक होतं. ती नेमकं काय करते, हे मात्र वाडीत कोणाला सांगता येत नसे.

सांगायला तसं अवघड नव्हतं. खरी पेटी हातात न घेता पेटी तपासायची. कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्याला दोन गोष्टी द्यायच्या. एक कर्नल, म्हणजे घरात सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना उठवणारं माणूस. दुसरी डिस्क इमेज, म्हणजे चूल, भांडी, माणसं, देव, असं सबंध घरच एका फाइलीत गुंडाळून ठेवलेलं. मग बटण दाबायचं. कर्नल उठतो, डिस्क शोधतो, घर मांडतो. मग त्याच्यावर खोटा पाऊस पाडायचा आणि खोटा भोंगा वाजतो का ते बघायचं. वाजला की पास. मग ते मशीन मारून टाकायचं आणि नवं उभं करायचं, दिवसाला दोनशे वेळा. हे सगळं माणसाशिवाय चालावं अशी सोय संस्कृतीनं स्वतः लावली होती. रोज दोनशे मशिनी जन्माला घालते आणि दोनशे मारते, असं तिनं आईला फोनवर सांगितलं तेव्हा चिमा म्हणाली, "संध्याकाळचा देवाला दिवा लावत जा गो बाय."

तर या दोनशेंपैकी सात मशिनी उठतच नसत. कधी सहा, कधी आठ. कर्नल जागा व्हायचा, 'डिस्क कुठे आहे?' असं विचारायचा, डिस्क सापडत नाही म्हणायचा आणि तिथंच प्राण सोडायचा. बाकीच्या एकशे त्र्याण्णव ठणठणीत. संस्कृतीनं हे शौनकला दाखवलं, तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "फ्लेकी टेस्ट आहे, कधी पास होते, कधी नापास. रिट्राय लाव."

"सर, पण टेस्टमध्ये दोष नाहीये. मशीनच उठत नाहीये."

"दुसऱ्यांदा उठतंय ना? मग? तीनदा ट्राय करू दे. तीनातून एकदा पास झालं की पास."

एखादं मशीन लागोपाठ तिन्ही वेळा मेलं, असं चार महिन्यांतून एकदा झालं असतं. टीव्ही त्या दिवसापासून हिरवा झाला. राजाभाऊंनी त्याचा फोटो काढून बागायतदारांच्या, शाळासोबत्यांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संस्कृतीनं त्यांच्यापुढे एकदा विषय काढून पाहिला, की राजाभाऊ, तीनतीनदा विचारणं म्हणजे परीक्षा नव्हे. त्यावर त्यांनी तिला प्रेमानं समोर बसवलं.

"तुमच्या वाडीत देवाला कौल लावतात ना गो?"

"लावतात."

"मूर्तीला तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा. उजवा दाणा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. बरोबर? आता पहिल्यांदा डावा पडला म्हणून कोणी उठून घरी जातं काय? नाही. गाऱ्हाणं नीट घालायचं, प्रश्न थोडा फिरवायचा, पुन्हा विचारायचं. देवसुद्धा माणसाला तीन चान्स देतो, मग तुझं मशीन का देत नाही?"

 वादात देव आला की इंजिनियरनं उठून चहा घ्यावा हे बरं. संस्कृती उठली. शौनकला मात्र वडिलांचा दृष्टांत इतका आवडला, की त्यानं संध्याकाळी तीनाचे पाच केले.

यात अक्षय्य तृतीया आली. राजाभाऊंनी पंचांग पाहून ठरवून टाकलं की चाळीसही पेट्या त्याच दिवशी बंद व्हायच्या. मुहूर्त चांगला होता. पेट्यांची तपासणी संपली का, हे पंचांगात दिलेलं नसतं. खालच्या शेडमध्ये चाळीस पेट्या आंब्यासारख्या ओळीनं मांडल्या, प्रत्येकीत मेमरी कार्ड बसवलं, खाऱ्या हवेनं गंजू नये आणि कोणी चोरूही नये म्हणून झाकणाच्या कडेनं घट्ट एपॉक्सी भरलं, वर हळदकुंकू, फूल. राजाभाऊंच्या पत्नी उमाताईंनी प्रत्येक पेटीला ओवाळलं. चाळीस पेट्यांना ओवाळून त्यांचा दंड भरून आला, पण एकही पेटी सोडली नाही. तेवढी चिकाटी वरच्या मजल्यावर कोणी दाखवली असती, तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं.

जादा बनवलेली एकेचाळिसावी पेटी तेवढी उघडी राहिली. तिच्या झाकणाला चीर गेली होती, म्हणून तिला पूजेतून वगळली होती. ती संस्कृतीच्या टेबलावर आली. आतापर्यंत खऱ्या पेट्या खाली पॅकिंगला अडकलेल्या असायच्या. आता वरात निघून गेल्यावर घोडं हाती लागलं. तिनं पेटीची वायर बोर्डाला लावली आणि बटण बंद-चालू करत बसली. शंभर वेळा. शेजारच्या टेबलावरची वैदेही म्हणाली, "बोट दुखेल गो, पुरे." शंभरात अकरा वेळा पेटी उठली नाही.

मग ती खोलात शिरली आणि दोन दिवसांत कारण सापडलं. सापडलं तेव्हा तिला आनंद झाला आणि लगेच खालच्या चाळीस बंद पेट्या आठवल्या. झालं होतं असं, की कर्नल शौनकनं स्वतः तयार केला होता. कुठल्याशा वेबपेजवर खोटी मशिनी झटपट उठवायची कृती दिलेली होती. हे काढा, ते काढा, मशीन अडीच सेकंदांत उठेल. त्यानं ती शब्दशः पाळली. खोट्या मशीनची डिस्कही खोटीच, ती दोनशेतली पाच-सात वेळा सोडली तर हाक मारायच्या आत हजर असते, त्यामुळे डिस्कसाठी थांबायची तिथं फारशी गरज नव्हती. चाचणीपुरतं ते ठीकही होतं. पण शौनकनं तोच काटछाट केलेला कर्नल खऱ्या पेट्यांत भरला. का, तर 'सगळ्या टेस्ट यावरच पास झाल्यात' म्हणून. खऱ्या पेटीतलं मेमरी कार्ड बिचारं सावकाश जागं होणारं. कर्नल उठून हाक मारतो, कार्ड डोळे चोळत असतं, आणि कर्नल घरात कोणी नाही असं समजून दार ओढून घेतो. मेलेली पेटी आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय होती, पण ती शौनकनं बंद ठेवली होती. कारण एका डेमोत पाहुण्यांसमोर पेटी मधेच मरून पुन्हा जिवंत झाली आणि त्याची शोभा झाली.

उपाय एका शब्दाचा होता. मशीन उठवायच्या ओळीत 'डिस्कसाठी थांब' एवढा एक शब्द घालायचा. तिनं तो घातला, रिट्राय शून्यावर आणले आणि दोनशे मशिनी उठवल्या. दोनशेच्या दोनशे उठल्या. चीर गेलेली पेटी शंभरच्या शंभर वेळा उठली. बोट खरंच दुखत होतं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. ती लॅपटॉप उचलून शौनकच्या केबिनमध्ये गेली.

शौनकनं सगळं ऐकून घेतलं. चूक कळण्याइतका तो हुशार होता. चूक कोणाची हे कळण्याइतकाही होता, आणि तिथंच घोडं अडलं.

"बॅटरी आहे ना आत? लाइट गेली तरी पेटी चालू राहते."

"सहा तास राहते, सर. आमच्याकडे जुलैत लाइट गेली की दोन दोन दिवस येत नाही. ती येईल तेव्हा पेटी नव्यानं उठणार. चाळीस पेट्या उठतील तेव्हा चार-पाच मेलेल्या असतील, आणि कोणत्या ते खालून कळणारसुद्धा नाही."

"एज केस आहे, क्वचित होणारं. सेकंड फेजमध्ये घेऊ."

"आत्ताच कार्डं बदलू या ना. मी स्वतः बसते. चाळीसच तर आहेत."

"एपॉक्सी फोडायचं म्हणजे झाकण तुटणार. चाळीस नवी झाकणं मागवायची, नवी इमेज सर्टिफाय करायची. महिना जाईल. आणि बाबांना काय सांगू?"

बाबांना तिनंच सांगितलं. राजाभाऊ पाच मिनिटं गंभीर झाले. मग म्हणाले, "पूजा झालेली पेटी फोडायची म्हणतेस? अगो, अक्षय्य तृतीयेला केलेलं क्षय पावत नाही म्हणतात!" आणि मग जरा हळू आवाजात, "सोमवारी खात्याच्या मॅडम यायच्यात पाहणीला. तुझी सही हवी रिपोर्टवर. त्यांच्यापुढे हे काही काढू नकोस हो."

संस्कृतीनं त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जागेवर येऊन तिनं रिपोर्ट उघडला. शेवटच्या पानावर चाळीस वाड्यांची यादी होती, प्रत्येकीपुढे पोलीस पाटलाचा फोन नंबर. सतराव्या ओळीत तिची वाडी होती. आपली वाडी यात आहे हे तिला ठाऊक होतं. तिनंच वर्षापूर्वी तो अर्ज ग्रामपंचायतीत भरायला लावला होता. तरी ती ओळ तिनं आता पुन्हा पुन्हा वाचली. शनिवारी सकाळच्या एसटीनं ती घरी गेली.

वाडीवरच्या डोंगराला चार वर्षांपूर्वी भेग पडली होती. तेव्हापासून पाऊस सलग लागला की सगळी वाडी वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, शाळेत जाऊन राही. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, कोंबड्या, रेशनकार्डाच्या पिशव्या, सगळं. शाळेचं छप्पर गळायचं, संडासाला कुलूप असायचं, आणि एकाच खोलीत बावीस माणसं घोरायची. कोणाला आवडत नसे, पण जात सगळे. संस्कृती घरी पोचली तेव्हा चिमा अंगणात शाळेतल्या चटया धुऊन वाळत घालत होती.

"परत द्यायच्यात शाळेला," चिमा म्हणाली. "यंदा नको लागायच्या."

"का?"

"आता भोंगा येतोय ना तुझा. वाजला की मंग निघायचं. नायतर आपलं घरातच."

संस्कृती पायरीवरच बसली. तेवढ्यात रावजी आला, आणि लेक आलेली बघून त्याला इतका आनंद झाला की त्यानं हातपाय धुवायच्या आधीच सगळी हकिगत सांगायला घेतली. वाडीनं गेल्या सोमवारी देवाला कौल लावला होता. यंदा शाळेत न जाता घरीच राहावं काय, म्हणून. पहिला कौल डावा पडला. दुसराही डावाच.

"मग?"

"मंग मी उठलो," रावजी म्हणाला. "हात जोडून बोललो, महाराजा, भोंगा असातसा नाय. माज्या पोरीनं सोता तपासलाय. रोज दोनशे वेळा तपासते ती. आता तूच काय ता बघ." त्यानं जरा थांबून बायकोकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. "तसा उजवा पडला!"

संस्कृतीला त्या क्षणी शौनकचा जेवढा राग आला, तेवढा पूर्वी कधी आला नव्हता. आणि त्याहून जास्त लाज वाटली. देवानं दोनदा नको म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तिची साक्ष काढली, तेव्हा तोही बिचारा तिच्यावर विसंबला. तिला तिथंच सगळं सांगून टाकायचं होतं. पण बापाचा चेहरा असा उजळला होता, की तिनं ते पुढे ढकललं. तिनं मनाशी म्हटलं, सोमवारी मॅडम येतायत. त्या सरकारी आहेत, कडक आहेत, शिकलेल्या आहेत. त्यांच्यासमोर खरा निकाल ठेवला की पेट्या उघडाव्याच लागतील, कार्डं बदलून महिनाभरानं नीट बसतील. मग आज बाबांचा आनंद कशाला घालवा? रविवारी ती आंबोळ्या खाऊन, फणसाचे गरे बांधून घेऊन परतली.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन तिनं रिट्राय शून्य केले, पेट्यांत भरलेली जुनीच इमेज लावली आणि दोनशेची फेरी सोडून दिली. साडेअकराला मॅडम आल्या. राजाभाऊंनी शाल, श्रीफळ, आंब्याची पेटी, सगळं सज्ज ठेवलं होतं. सवयीनं त्यांनी मॅडमना टीव्हीसमोर नेलं, "बघा, कसं हिरवं..." म्हणून हात उंचावला आणि हात तिथंच राहिला. टीव्हीवर सात ठिकाणी लाल चौकोन होते.

"हे लाल काय?" मॅडमनी विचारलं.

राजाभाऊ शौनककडे पाहू लागले, शौनक छताकडे. संस्कृती पुढे झाली.  तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोट्या मशीनचा कर्नल खऱ्या पेटीत, त्याचं कार्डासाठी न थांबणं, पाच पाच वेळा विचारून मिळवलेला हिरवा रंग, सगळं. दोनशेत सात उठत नाहीत म्हणाली. खऱ्या पेटीवर तर शंभरात अकरा. नवी इमेज तयार आहे, ती दोनशेत दोनशे उठते, फक्त पेट्या उघडायला हव्यात, असंही म्हणाली. आणि एवढं बोलून झाल्यावर ती जी काय व्हायची ती शिक्षा व्हायची वाट पाहू लागली.

मॅडमनी पर्स उघडून चष्मा काढला, मोबाइलवर काहीतरी मोजलं.

"दोनशेत सात नापास," त्या म्हणाल्या, "म्हणजे साडेशहाण्णव टक्के पास."

"हो, पण..."

"आणि तुमच्या त्या दुसऱ्या पद्धतीनं एकोणनव्वद." त्या राजाभाऊंकडे वळल्या. मॅडमचा चेहरा कौतुकानं भरून आला होता. "अहो, आमच्या धाकट्याला दहावीला चौऱ्याऐंशी पडले तर आम्ही सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले! आणि काय सांगू, आजवर आमच्याकडे जो येतो तो शंभर टक्केच लिहून आणतो. आम्हाला का कळत नाही? पहिल्यांदाच कोणीतरी खरा आकडा दाखवला. किती पारदर्शक काम आहे तुमचं!"

राजाभाऊंच्या चेहऱ्यावर एका दमात तीन रंग येऊन गेले आणि चौथा कायमचा वस्तीला आला. "आमच्या संस्कृतीला मी पहिल्यापासून सांगत आलोय," ते म्हणाले, "जे असेल ते खरं दाखवायचं."

"मॅडम, पण लाइट आल्यावर चाळीसातल्या चार-पाच पेट्या..."

"हे लिहा ना रिपोर्टात. 'सुधारणेस वाव' असा रकानाच आहे. दुसऱ्या टप्प्यात घेऊ." त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "गुणी मुलगी आहे."

रिपोर्टवर संस्कृतीनं सही केली. सगळं खरं लिहून केली, साडेशहाण्णव आणि एकोणनव्वद, दोन्ही. खरं बोललं की नोकरी जाईल या भीतीनं तिच्या कित्येक रात्री झोपेवाचून गेल्या होत्या. नोकरी गेली नाही. मॅडम शाल घेऊन गेल्या, आंब्याची पेटी घेऊन गेल्या, आणि दुपारी दोन वाजता चाळीस भोंगे टेंपोत चढले. राजाभाऊंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. जाता जाता शौनक तिला म्हणाला की पुढच्या वेळी आधी सांग, पण गुड जॉब.

ती शेडच्या गच्चीवर गेली आणि तिनं घरी फोन लावला. रावजीनं उचलला.

"बाबा, भोंगा बसवायला माणसं येतील. बसवू द्या. पण त्याच्यावर विसंबून घरात राहू नका. पाऊस लागला की शाळेत जायचं, दरवर्षीसारखं."

"का गो?"

"तो कधी कधी उठत नाय."

"कधी कधी मंजे?"

"शंभरात अकरा वेळा."

रावजीनं सुटकेचा श्वास सोडलेला तिला ऐकू आला. "एवढाच ना? मंग एकोणनव्वद वेळा उठतो की!"

संस्कृतीनं डोळे मिटले. मॅडमवर तिला रागवता आलं होतं. बापावर येईना. 

"बाबा, मी पहिलीत होते, तेव्हा तुम्ही मला वहाळ ओलांडून शाळेत न्यायचात. हात धरून."

"व्हय तर. पाणी असायचं छातीपावेतो, तुज्या."

"शंभरात अकरा वेळा तुम्ही हात सोडला असतात तर?"

 मग रावजी खाकरला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाल्यासारखा वाटला. "मी देवासमोर उभा राहून बोललो हाय गो. माज्या पोरीनं तपासलाय म्हणून. आता वाडीला काय सांगू?"

"तेच सांगा. पोरीनं तपासलाय. म्हणूनच शाळेत जायचंय."

फोनमध्ये मागून चिमाचा आवाज आला. काय झालं, कोण मेलं, असं ती विचारत होती. रावजीनं तिला दोन शब्दांत सांगितलं. "मंग चटया नाय देत परत," चिमा म्हणाली. रावजीनं "सांगतो वाडीला," एवढं म्हणून फोन ठेवला. त्याला ते किती जड जाणार होतं हे तिला माहीत होतं, आणि तो सांगणार हेही माहीत होतं.

एका वाडीचं झालं. उरलेल्या एकोणचाळीस वाड्यांची कोणी पोर या कंपनीत नव्हती. संस्कृतीनं रिपोर्टचं शेवटचं पान उघडलं आणि पहिल्या ओळीतला नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग एका बाईनं उचलला, पाटील शेतावर गेलेत म्हणाली, कोण बोलतंय, काय निरोप देऊ, म्हणाली.

"मी संस्कृती धाडवे," ती म्हणाली. "तुमच्या डोंगरावर बसायचाय तो भोंगा मी तपासलाय. म्हणून फोन केला."